वडेगडच्या महालाचं पाणी

जिल्हा फुटला तेव्हा नवेगावचा बांध गोंदियाकडे गेला, जंगलाचा बराच भाग गेला, आणि आमच्या भंडाऱ्याकडे पाहण्यासारखं काय उरलं याची शोधाशोध सुरू झाली. वाटणी झाली की माणूस आधी आपल्या वाट्याची भांडी मोजतो, तशातलाच प्रकार. दोन हजार दोन साली तालुक्याच्या एका साहेबांना आठवलं की वडेगडला एक राजमहाल आहे. पर्यटनाच्या पुस्तिकेत त्याच्यावर चार पानं हवीत असं ठरलं. आणि लिहायचं काम निघालं की सरकारला मास्तर आठवतो. माणसं मोजायला मास्तर, मतं मोजायला मास्तर, तसा महालाला मास्तर. वडेगडच्या शाळेत तेव्हा मी होतो.

खरं सांगतो, मला रागच आला. माझं गाव दिघोरी, पण आजीचं माहेर वडेगड. तिच्या बापाला महालाच्या देवडीपुढून जाताना पायातल्या वहाणा हातात घ्याव्या लागत. छप्पन साली आमच्या घरच्यांनी दीक्षा घेतली आणि देव, राजे, देवड्या, सगळ्यांना एकदमच निरोप दिला. आता त्याच महालाचं कौतुक मी, सुगत गुरुजींनी, लिहायचं! बायको हसली. म्हणाली, "राजा गेला, वहाना रायल्या. पायात घाला अन् जा."

गेलो. महाल म्हणजे दोन मजले, त्यातला वरचा अर्धा खाली आलेला. मधल्या चौकात कमरेएवढं तरोट्याचं रान. सागवानी खांब एकेक करून नाहीसे झालेले. गावातल्या कोणत्या गोठ्यात महालाचा कोणता खांब उभा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. कागदपत्रं विचारली तर म्हणे राजे नागपूरला गेले तेव्हा पेटीत भरून घेऊन गेले. म्हाताऱ्या भैयाजींनी मला पारावर बसवून भुयाराची गोष्ट सांगितली. महाल म्हटला की त्याच्याखाली भुयार असतंच, आणि सांगणारा बदलला की ते दुसऱ्याच किल्ल्यात निघतं. तीन म्हाताऱ्यांनी मला तीन भुयारं दिली. राजा कसा राहत होता, काय खात होता, कधी आणि कसा गेला, हे एकालाही सांगता येईना.

शेवटी भैयाजींची म्हातारी आतून ओरडली, "मानसाइले काय इचारता, गुरुजी? मानसं देवडीपावतर जात. बायाबाईले इचारा. थे अंदर जाये."

बायाबाई धिवराची. राणीतलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून धिवरांची पंधरावीस घरं आहेत, त्यात तिचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा धनराज तलावात जाळं टाकायचा, पावसाळा सरला की शिंगाडे काढायचा, सून रंजू ते सानगडीच्या बाजारात विकायची. धिवरांच्या हातचं पाणी सगळ्यांना चालत असे, म्हणून महालाचं पाणी पिढ्यानपिढ्या धिवरिणी भरत. दिवाणजीला माजघरात जायला बंदी होती, पण डोक्यावर घागर असलेली बायाबाई थेट राणीसाहेबांच्या न्हाणीपर्यंत जायची.

मी गेलो तेव्हा ती अंगणात उकडलेले शिंगाडे सोलत बसली होती. बोटं काळी झालेली. वय पासष्टच्या पुढे, पण मान अशी ताठ की जणू अजूनही डोक्यावर पाण्याचे दोन पितळी गुंड आहेत. चालायला लागली की पोरं बाजूला व्हायची, सांडेल म्हणून.

"महाल कोन बांधला थे मले नाई मालूम," ती म्हणाली. "पानी कितीक लागे थे इचारा."

मला वाटलं, म्हातारी टाळतेय. पण दुसरं काही हाती नव्हतं म्हणून वही उघडली, आणि पुढचे पाच दिवस शाळा सुटली की मी तिच्या अंगणात बसून महालाचा इतिहास उतरवून घेतला. गुंड म्हणजे पाण्याचं मोठं पितळी भांडं, त्यातच तिचा सगळा इतिहास मावलेला होता. पहाटे पहिली घागर देवघराची, लहान, तांब्याची. ती ठेवेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. मग राजेसाहेबांची न्हाणी, बारा गुंड. राणीसाहेबांची सात. मुदपाकखान्याला वीस, दसऱ्याला साठ. कोणती खोली कुठे होती हे मी तिच्या पावलांवरून काढलं. विहिरीपासून न्हाणीपर्यंत किती पायऱ्या, कुठे उंबरा उंच, कुठे मान वाकवावी लागे. आता तिथे नुसता मातीचा ढीग आहे, पण त्या ढिगाशी आली की बायाबाई आपसूक मान वाकवायची.

एकदा पहाटेच तीस गुंड पाणी तापवायला लावलं, आणि दुपारपर्यंत ते तसंच गार झालं. कोणी वापरलं नाही. त्या दिवशी राजेसाहेबांचा मुलगा जन्माला आला आणि गेला. गावाला ते आठ दिवसांनी कळलं.

राजा बुडाला हे गावाला कळलं एकावन्न साली, सरकारने गावांच्या साऱ्याचा हक्क, म्हणजे मालगुजारी, काढून घेतली तेव्हा. बायाबाईच्या आईला, केशरबाईला, ते तीन वर्षं आधीच कळलं होतं. मुदपाकखान्याचे वीस गुंड बारावर आले, बाराचे पाच झाले. आधी हत्ती गेला, मग आचारी, मग पाहुणे. "मायनं मनलं, बाया, हे लोक आता रायत नाई," बायाबाई म्हणाली. "खानारे कमी झाले का पानी उरते."

तिसऱ्या दिवशी मी तिला मुद्दाम विचारलं. मनात होतंच ते. "मावशी, आमच्या लोकाइले पानी कोन दे, त्या विहिरीचं?"

तिने शिंगाडा खाली ठेवला. "कोनी नाई."

"तुमी?"

"म्या बी नाई," ती म्हणाली. "उन्हाळ्यात बायका देवडीबाहेर गाडगे घेऊन बसत. मी त्यायच्या पुढून भरले गुंड घेऊन जात होती. देल्लं नाई. देता आलं असतं."

सारवासारव नाही, तेव्हा तसंच होतं वगैरे काही नाही. त्या क्षणापासून मी तिचा प्रत्येक शब्द खरा धरला.

पाचव्या दिवशी राजे गाव सोडून गेले तिथपर्यंत आम्ही आलो आणि बायाबाई अडली. शिंगाड्यांचं टोपलं उचलून आत ठेवलं, परत येऊन बसली, पदर तोंडाशी धरला. म्हणाली, "हे मी सांगीन. पन माह्यं एक काम करा लागन, गुरुजी. ताईसायब हायेत नागपुरले. त्याइले एक गोष्ट इचारून द्या."

ताईसाहेब म्हणजे राजेसाहेबांची एकुलती एक मुलगी. गेली तेव्हा तेरा वर्षांची, बायाबाई पंधराची. ताईसाहेबांना बाहेर पडायची मुभा नव्हती. महालापासून तलाव हाकेच्या अंतरावर, पण तिने तो फक्त वरच्या खिडकीच्या जाळीतून पाहिलेला. म्हणून सकाळी ती आतल्या विहिरीच्या काठावर येऊन बसायची आणि बायाबाई रिकाम्या घागरीत लपवून कच्चे शिंगाडे आणायची. दोघी सोलून खायच्या. ताईसाहेब विचारायची, आज तलावात काय आहे? बायाबाई सांगायची, बदकं उतरली, कमळं आली, पाणी पायरीला लागलं. कधी काहीच नसलं तर बनवून सांगायची.

आता इथे वडेगडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. महालातलं कोणी प्रवासाला निघालं की देवडीवर धिवरीण भरली घागर घेऊन उभी राहायची. निघणाऱ्याने त्या पाण्यात एक सुपारी टाकायची आणि पुढे जायचं. भरली घागर आडवी आली, म्हणजे माणूस सुखरूप परत येणार. आणि चुकून रिकामी घागर समोर आली तर निघालेलं माणूस माघारी वळायचं. घरात जाऊन बसायचं, गूळपाणी घ्यायचं, बहुतेक वेळा त्या दिवशीचा प्रवासच मोडायचा. एका वर्षी राजेसाहेब पवनीच्या यात्रेला निघाले असताना कुंभारीण रिकामं मडकं घेऊन आली आणि सगळा लवाजमा दोन दिवस थांबला होता. हे बायाबाईने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"जान्याच्या आदल्या दिवशी ताईसायब मनल्या, बाया, उद्या घागर घेऊन तूच उभी राय. मी सुपारी टाकीन," बायाबाई सांगत होती. "मायले ताप होता. मीच उभी रायली. पन म्या घागरीत पानी नाई भरलं."

"काहून?"

"वाटलं, रिती घागर पायतीन तं वापस फिरतीन. एक दिवस रायतीन अजून." तिचा आवाज बारीक झाला होता. "एकच दिवस, गुरुजी. मले जास्त नोतं पायजे. मोटार आली. म्या घागर आडवी धरली, तोंड त्यायच्याकडं करून, रिकामी दिसली पायजे मनून. मोटार थांबली नाई. तशीच गेली. मंग थे कवाच नाई आले."

तिने ते मनात असं पक्कं धरलं होतं: त्यांनी रिकामी घागर पाहिली. आपल्याच बायाने अपशकुन केला हे ताईसाहेबांनी पाहिलं. म्हणून न थांबता गेले, म्हणून राजेसाहेब वर्षभरात वारले, म्हणून महाल पडला. एकावन्न वर्षं ही बाई ते एकटी वागवत होती. नवऱ्याला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. महालाची भिंत कोसळली की गावातले लोक विटा उचलायला धावत. ती घरात जाऊन बसे.

मी शकुन-अपशकुन मानत नाही. शाळेत मांजराच्या गोष्टीवर मी पोरांची अर्धा तास शिकवणी घेतो. तिलाही सांगितलं, मावशी, मालगुजारी कायद्याने गेली, तुमच्या घागरीने नाही. तिने ऐकून घेतलं, जसं आपण पाहुण्याचं ऐकून घेतो. म्हणाली, "तुमचं बरोबर असन. पन त्याइले इचारा. शिव्या देल्ल्या तरी चालते. माफ केलं तरी चालते. पन त्यायच्या तोंडून पायजे."

मी नागपूरचा पत्ता मिळवून पत्र लिहिलं. घागरीचं काही लिहिलं नाही. इतकंच लिहिलं की महालाचा इतिहास तयार होतोय, आपण एकदा येऊन पाहावा, आणि इथे एक बाई आपली वाट पाहत आहे. चार महिने उत्तर नाही. बायाबाई रोज शाळेच्या कुंपणाशी येऊन विचारायची, "चिठ्ठी आली?" पोरं तिची नक्कल करायला लागली, तेव्हा एकाला मी रागाने कोपऱ्यात उभं केलं. दिवाळी झाली, धान कापून झालं, शिंगाडे संपत आले. मला आता पुस्तिकेचं काही पडलं नव्हतं. साहेबांचे दोन निरोप येऊन गेले होते. मला त्या बाईसाठी ते उत्तर हवं होतं, आणि ते माझ्यासारख्या माणसाला महालाच्या लोकांकडून हवं असावं याची गंमतही वाटत होती आणि चीडही येत होती.

जानेवारीत उत्तर आलं. ताईसाहेब रविवारी येत होत्या.

मला राग काढायला एखादी राणी हवी होती. पांढऱ्या गाडीतून उतरली ती गुडघे दुखणारी, जाड चष्म्याची, साध्या सुती साडीतली एक बाई. नागपुरात दोन खोल्यांत राहत होत्या, लांबच्या नात्यातल्या एका भाचीच्या आधाराने. देवडीशी आल्या, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढंसंच होतं का हो हे?" मग मागे वळल्या, पाळीपलीकडचं पाणी दिसलं, आणि कितीतरी वेळ तिकडेच पाहत राहिल्या. "तलाव इतका जवळ होता?" मी हो म्हटलं. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. तेरा वर्षं त्या पोरीला कोणी शंभर पावलं चालू दिलं नव्हतं.

बायाबाई देवडीच्या कडेला उभी होती. सकाळपासून उभी होती, नवं लुगडं नेसून. मी तिला पुढे आणलं.

"ही बायाबाई. केशरबाईंची मुलगी."

"केशरबाई!" ताईसाहेबांचा चेहरा उजळला. "पाणी भरायच्या ना? उंच होत्या, कपाळावर मोठं गोंदण. आठवतात मला."

"मी पन येत होती, ताईसायब. विहिरीवर. शिंगाडे आनत होती."

"हो, शिंगाडे मिळायचे आम्हाला," ताईसाहेब हसल्या. "कोणीतरी आणून द्यायचं. तशी चव पुढे कुठे मिळाली नाही." त्यांनी बायाबाईकडे निरखून पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. त्या मनापासून आठवायचा प्रयत्न करत होत्या, ते दिसत होतं.

बायाबाईने हात जोडले. इतक्या वर्षांचं एका दमात बोलून टाकलं. "तुमी गेल्या त्या दिवशी माह्या घागरीत पानी नोतं, ताईसायब. म्या मुद्दाम रिकामी आनली होती. तुमी पायलं असन. मले शिव्या द्या."

ताईसाहेबांना काही कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रीत समजावून सांगितली, घागर, सुपारी, माघारी फिरणं. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, पडदे होते गाडीला," त्या म्हणाल्या. "चारी बाजूंनी. आबासाहेबांनी ड्रायव्हरला बजावलं होतं, गावाबाहेर पडेपर्यंत थांबायचं नाही, कोणाकडे बघायचं नाही. त्यांना लोकांसमोर रडायचं नव्हतं. मी आईसाहेबांच्या मांडीत तोंड खुपसून बसले होते. बाहेर कोण उभं आहे, काय आहे, आम्ही कोणीच पाहिलं नाही."

"सुपारी?" बायाबाईने विचारलं.

"कसली?"

"तुमी मनल्या होत्या, मी सुपारी टाकीन."

ताईसाहेबांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "लहान होते हो मी. नाही आठवत. पण तुम्ही हे मनातून काढून टाका. तुमचा काहीएक दोष नाही. उगाच इतकी वर्षं मनाला लावून घेतलंत. तुम्हाला कोणी पाहिलंच नव्हतं."

याहून चांगलं कोणी काय बोललं असतं? त्या चांगल्याच होत्या. जाताना त्यांनी भाचीला बायाबाईसोबत फोटो काढायला लावला. माझी वही चाळली, गुंडांचं प्रकरण वाचून म्हणाल्या, आमच्या घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. मग गाडी धूळ उडवत सानगडीच्या रस्त्याला लागली.

मी तर एखादा खटला जिंकल्यासारखा खूश होतो. अपशकुन खोटा, पाप खोटं, आणि निकाल थेट ज्यांच्याकडून हवा होता त्यांच्या तोंडून. पाळीवरून परत जाताना म्हटलं, "मावशी, सुटल्या तुमी."

ती मान ताठ, पाय जपून टाकत चालली होती. शिंगाड्यांच्या वेली काढून टाकलेल्या जागेशी थांबली आणि मला म्हणाली, "पाप होतं थे बरं होतं, गुरुजी."

"असं काहून मनता?"

"पन्नास साल मले वाटे, राजा गेला तं माह्याच्यानं गेला. मंजे त्यायच्या जान्यात मी होती. बरी नाई तं वाईट, पन होती." तिने पदराने तोंड पुसलं. "आता समजलं. मी नोतीच तेथं."

आणि ती रडायला लागली, मोठ्याने, पाळीवर उभी राहून, जसं माणूस मेल्यावर रडतात. रंजू घरातून धावत आली. काय झालं म्हणून मला विचारू लागली.

बोलणं हा माझा धंदा आहे, शब्दाला मी कधी अडलो नाही. "तुम्ही होत्या, मावशी," एवढंच म्हणायचं होतं. पण एकावन्न साली माझा जन्मही झाला नव्हता. साक्ष द्यायला जगात जे एक माणूस उरलं होतं, त्यानेच आत्ता प्रेमाने नाही म्हणून सांगितलं होतं, आणि गाडी दिसेनाशी झाली होती.